आज पाणी आलंय, उद्या येते

सकाळी दहा वीसला फोन वाजला की मला आता न उचलताच कळतं काय असणार ते. दाताच्या दवाखान्यातली साडेदहाची अपॉइंटमेंट असते, पलीकडून मोटारीची घरघर, बादल्या सरकवल्याचा आवाज, आणि त्या सगळ्यातून एक बाई ओरडून सांगत असते, "मॅडम, आज पाणी आलंय वो, उद्या येते." बाहेरगावच्या माणसाला हा बहाणा वाटेल. पण सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी एकदा पाणी येतं, कुठल्या झोनला कधी ते ठरलेलं असतं पण ठरल्यासारखं येईलच असं नाही, पहाटे तीनला येईल नाहीतर सकाळी अकराला, आणि आलं की घरात जे कोण असेल त्यानं टाकी, पिंप, हंडे, कळशा, शेवटी पातेली सुद्धा भरून घ्यायची, कारण पुढचे चार दिवस त्याच्यावरच काढायचेत. उजनी धरण आमच्याच जिल्ह्यात, तरी ही गत. मग एका बाजूला दाढ आणि दुसऱ्या बाजूला पाणी असेल तर बाई पाणीच भरणार. मी पण तेच करते. माझ्याकडं पाणी आलं की मी सुद्धा डॉक्टरांना फोन करून सांगते, अर्धा तास उशीर होईल म्हणून.

मी पूर्व भागातल्या एका दाताच्या दवाखान्यात काउंटरला बसते. २०११ पासून. फोन घेणं, वही लिहिणं, पैसे घेणं, लॅबवाल्याला माप देणं आणि दातावर बसवायची कॅप आली की तपासून ठेवणं, आणि मदतनीस पोरगी आली नाही त्या दिवशी आत जाऊन तोंडातलं पाणी ओढून घ्यायची नळी, सक्शन, धरणं. आमच्याकडं येणारे निम्मे पेशंट घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, बाकीचे मराठी-हिंदी. त्यामुळं "उद्या येते" मी तीन भाषांत शिकले, "रेपु वस्ता", "नाळे बर्तीनि", आणि आपलं "उद्या येतो की". तिन्ही भाषांत ते एकाच सुरात म्हणतात लोक, थोडं लाजून, थोडं घाईत. पहिली काही वर्षं मला या वाक्याचा फार राग यायचा. त्या रागात मी एक चूक केली, आणि तीच सांगायला हे लिहायला बसलेय.

आधी आमच्याकडं अपॉइंटमेंट वगैरे नावालाच होतं. नंबर लावायचे. सकाळी दहाला शटर उघडलं की बाकड्यावर माणसं बसलेलीच असायची, आलेल्याला एक नंबर द्यायचा, ज्याचा आला तो आत. कुणी उठून चहाला गेला तरी काही अडायचं नाही, पुढचा जायचा. २०२० ला कोरोना आला आणि हे सगळं बदललं. दाताच्या मशीनमधून पाण्याचा फवारा उडतो, तोंडातलं सगळं हवेत जातं, म्हणून एकापाठोपाठ एक पेशंट घेता येईनात, मधे खोली मोकळी ठेवायची, पुसून घ्यायची, खिडक्या उघडायच्या. बाकडं तर रिकामंच ठेवायला लागलं. दिवसाला वीस-पंचवीस माणसं व्हायची तिथं आठ-नऊवर आलो, आणि मग त्या आठातला एक जण आला नाही तर ते एकदम टोचायला लागलं. वहीत वेळा लिहायला आम्ही तेव्हा लागलो, खऱ्या अर्थानं.

ती वही मी पेन्सिलीनं लिहिते. लांब वही आहे, कापडी पुठ्ठ्याची, एका पानावर एक दिवस. कॉम्प्युटर आहे, त्यात पण टाकते, पण वही आधी. आणि लोकांना वाटतं की मी नुसती रिकामी जागा बघून नाव घालते, तसं नसतं. शुगरवाल्या पेशंटला सकाळचीच वेळ द्यायची, नाश्ता करून गोळी घेऊन या म्हणायचं, उपाशी आला आणि चेअरवर घाम फुटला तर अवघड. दात काढायचा असेल तर तो पण सकाळी, कारण नंतर रक्त थांबत नसलं तर दिवसभर दवाखाना उघडा असतो, रात्री नऊला काढलेल्या दाताचं रक्त बारा वाजता वाहायला लागलं तर त्या माणसानं जायचं कुठं. लहान पोरांना संध्याकाळी सात-साडेसातला बोलवायचं नाही, तोपर्यंत ती पेंगुळलेली, चिडचिडी असतात, एकदा तोंड मिटलं की उघडत नाहीत. खालच्या दाढेला इंजेक्शन दिलं की जीभ-ओठ दोन-तीन तास सुन्न राहतात, म्हणून जेवायच्या आधी नको, लहान मूल तर सुन्न ओठ चावून चावून फोडून घेतं, आईला दहा वेळा सांगावं लागतं. कॅप बसवायची असेल तर आधी लॅबला फोन, कॅप आली का, मगच वेळ. हे सगळं जमवून एक पान भरतं आणि मग त्यातला एक धागा निघाला की पूर्ण पान उसवल्यासारखं होतं.

शिवाय आमचं कॅलेंडर वेगळं. संक्रांतीच्या आसपास गड्डा असतो, म्हणजे सिद्धेश्वरांची जत्रा, त्यांच्या काठ्या निघतात, अक्षता सोहळ्याच्या दिवशी अर्धं शहर पांढऱ्या कपड्यांत, तो सोहळा होतो त्या संमती कट्ट्याकडं. त्या दिवशी अपॉइंटमेंट देणं म्हणजे पान वाया घालवणं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींची रथयात्रा, तेव्हा आमच्या भागात रिक्षा सुद्धा पुढं सरकत नाही. आषाढी जवळ आली की पंढरपूरकडच्या गाड्या भरलेल्या. एप्रिल-मे मधे पारा बेचाळीस-त्रेचाळीस, दुपारी बाराची वेळ दिली तर म्हातारं माणूस येणारच नाही, आणि येऊ पण नये. पहिली दोन वर्षं मी हे काहीच धरलं नव्हतं, पुण्याच्या एका दवाखान्याचं बघून डॉक्टरांनी टाइमटेबल आणलं होतं आणि मी ते इथं चिकटवलं. लोक आले नाहीत की मी म्हणायची, सोलापूरच्या लोकांना वेळेची किंमतच नाही. आता मला ते वाक्य कुणी म्हणलं तरी आवडत नाही.

पण दवाखान्याची बाजू पण सांगितली पाहिजे, कारण ती पण खोटी नाही. साडेदहाला माणूस यायचा असतो म्हणून सव्वादहाला पोरगी ट्रे लावते. आरसा, प्रोब, चिमटा, दाताच्या मुळातल्या नळ्या साफ करायच्या बारीक सुया, सगळं आदल्या दिवशी ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेनं जंतू मारायच्या मशीनमधून, १२१ डिग्रीला काढलेलं, एकेक पाऊचमधे सील केलेलं. पाऊच फाडलं की ते वापरा नाहीतर परत धुवा, परत पॅक करा, परत मशीनला लावा. आम्ही आता पेशंट बसल्याशिवाय पाऊच फाडत नाही, तेवढं शिकलो. पण डॉक्टर हात धुवून थांबलेले असतात, पाऊण तास मोकळा ठेवलेला असतो, आणि मला सगळ्यात जास्त कशाचं वाटतं सांगू, आदल्या संध्याकाळी गाल सुजलेला एक यंत्रमाग कामगार आलेला असतो, त्याला मी सांगितलेलं असतं की उद्या सकाळी जागा नाही, संध्याकाळी साताला या. आणि सकाळी साडेदहा ते सव्वाअकरा ती चेअर रिकामी. तो माणूस तेवढा वेळ घरी गालाला हात लावून बसलेला. त्याचा नंबर माझ्याकडं असतो, फोन लावते, तोपर्यंत तो पाळीला गेलेला असतो. न आलेल्या माणसानं डॉक्टरांचा वेळ घेतला असं सगळे म्हणतात, खरं तर तो वेळ त्या सुजलेल्या गालाचा होता.

आणि लोक येत का नाहीत? पाणी, लग्न, मयत, पाहुणे, गाडी पंक्चर, हे सगळं आहेच. पण इतकी वर्षं वही लिहून माझं एक मत झालंय. सगळ्यात जास्त लोक यायचे थांबतात ते दुखायचं थांबतं म्हणून. बाकीच्या आजारात बरं वाटलं म्हणजे बहुतेक बरंच झालेलं असतं, सर्दी गेली, ताप गेला, संपलं. दाताचं तसं नाही. दाढेची किड आत दाताच्या नसेपर्यंत गेली की माणूस रात्रभर झोपत नाही, लवंग ठेवतो, काहीजण तंबाखूची चिमूट दाबून धरतात, सकाळी डोळे लाल करून येतो. डॉक्टर सुन्न करून दाढ उघडतात, आतली सडलेली नस काढतात, पू असला तर वाट करून देतात, आत औषध ठेवून वर टेम्पररी सिमेंट लावतात. त्या रात्री तो माणूस कित्येक दिवसांनी गाढ झोपतो. आणि त्याच्या लेखी काम झालं. आम्ही लिहून दिलेलं असतं पुढच्या बुधवारी दुसरं सिटिंग, पण बुधवारी दाढ आठवण करून देत नाही. पहिल्या वेळेला त्याला दाढेनं आणलं होतं, आम्ही नाही.

पुढचं मी इतक्या वेळा पाहिलंय की डोळे मिटून सांगू शकते. ते टेम्पररी सिमेंट काही आठवड्यांचं काम असतं. ते झिजतं, कडेनं गळायला लागतं, थुंकी आणि जंतू परत आत. नस नसल्यामुळं दुखत नाही, म्हणजे आत काय चाललंय कळायची सोयच राहिलेली नाही. त्यात दाढ आतून पोकरलेली, वर कॅप नाही, आणि आपल्याकडं कडक भाकरी खातात, सुकी, पापडासारखी, शेंगाचटणीबरोबर. एक दिवस कटकन आवाज येतो आणि दाढ उभी चिरते, पार मुळापर्यंत. मग ती वाचत नाही. काढावीच लागते. जी दाढ दोन सिटिंग आणि एका कॅपमधे आयुष्यभर टिकली असती ती गेली, फक्त दुखत नव्हती म्हणून.

माझ्या काउंटरच्या खाली एक ड्रॉवर आहे, त्यात न नेलेल्या कॅप आहेत. पारदर्शक छोट्या डब्या, प्रत्येकीवर पट्टी चिकटवलेली, नाव, तारीख, कुठली दाढ. डबी हलवली की आत टिकटिक वाजते. काही सहा-सात वर्षांपूर्वीच्या आहेत. लोकांना वाटतं कॅप म्हणजे स्क्रूसारखी, याला नाही तर त्याला लागेल. नाही लागत. एका माणसाच्या तोंडाचं माप घेऊन, त्याच्या समोरच्या दाताशी चावा जुळवून, बाजूच्या दातांचा रंग बघून लॅबनं ती घडवलेली असते, जगात दुसऱ्या कुणाच्याच तोंडात ती बसणार नाही. आणि त्या माणसाला पण फार दिवसांनी बसत नाही, कारण मधल्या काळात शेजारचे दात रिकाम्या जागेकडं कलतात, समोरचा दात लांबतो. मी दिवाळीच्या साफसफाईत तो ड्रॉवर काढते, डब्या पुसते आणि परत ठेवते. टाकवत नाही. त्यातल्या एका डबीवर ज्या बाईचं नाव आहे तिच्याबद्दल आता सांगते.

२०२१ ला बोर्ड लागला. मीच पाठपुरावा केला होता त्याचा, हे लपवत नाही. एका आठवड्यात अकरा जण आले नव्हते, डॉक्टर वैतागले होते, मी म्हणलं सर बोर्ड लावू, पैसे म्हणलं की लोक बरोबर येतात. काउंटरच्या मागं पांढऱ्या फ्लेक्सवर लाल अक्षरात, 'अपॉइंटमेंटच्या २४ तास आधी न कळवल्यास २०० रुपये आकारले जातील'. पहिल्या महिन्यात फरक पडला, खरंच पडला. नोकरीवाले, दुकानदार, तारा लावलेली कॉलेजची पोरं, यांचे आदल्या दिवशी फोन यायला लागले. मला वाटलं जिंकलो.

ती अक्का विड्या वळायची. चाळिशीची असेल, रोडावलेली, खालची उजवी दाढ किडलेली. पहिल्यांदा आली तेव्हा गाल इतका सुजला होता की डोळा बारीक झालेला, पदर दाबून धरलेला. काउंटरवर सही करताना तिची बोटं माझ्यासमोर आली, अंगठ्याचं आणि पहिल्या बोटाचं नख तासल्यासारखं चपटं झालेलं, कडेला पिवळट, पानाची टोकं आत दुमडून दुमडून. विडीच्या कामात तासाला पगार नसतो, हजार विड्यांमागे मजुरी असते. आदल्या रात्री पानं भिजवायची, कापायची, वळायच्या, दोरा बांधायचा, सकाळी माल कारखान्यात नेऊन द्यायचा, तिथं खराब म्हणून काढलेल्या बाजूला होतात त्या तिच्या गेल्या, नवीन पान-तंबाखू घेऊन परत. म्हणजे सकाळी दहा-साडेदहाला ती बाई कारखान्याच्या रांगेत असते. आणि मी तिला वेळ दिली होती साडेदहाची. मी विचारलंच नव्हतं. तिनं पण सांगितलं नव्हतं, दवाखान्यात मॅडमनं वेळ सांगितली की हो म्हणायचं, एवढंच तिला ठाऊक.

दोन सिटिंगना ती कशीबशी आली, माप सुद्धा दिलं, आणि तेव्हाच कॅपचे थोडे थोडे करून पैसे भरायला लागली होती. कॅप बसवायच्या दिवशी आली नाही. फोन शेजारणीचा दिलेला, तो लागेना. दुसरी तारीख दिली, नाही आली. तिसऱ्यांदा शेजारणीनं फोन तिच्या हातात दिला आणि मी, समोर चार पेशंट बसलेले असताना, मोठ्यानं म्हणाले, "अक्का, दोनदा नाही आलात, आता चारशे रुपये जास्तीचे भरायला लागतील, बोर्डवर लिहिलंय बघा." पलीकडं थोडा वेळ काही आवाज नाही. मग "बरं" म्हणाली. फोन ठेवला. परत आली नाही. चारशे म्हणजे तिच्या दोन दिवसांच्या विड्या झाल्या असत्या जवळपास. कॅप ड्रॉवरमधे गेली.

साधारण दीड वर्षांनी ती मला मंगळवारच्या बाजारात दिसली. मी मेथी घेत होते, ती बाजूच्या ढिगातून वांगी निवडत होती. मला बघितलं आणि पदर तोंडावर घेतला. आधी मला वाटलं दुखतंय. मग लक्षात आलं की ती माझ्यापासून तोंड लपवतेय. मी जवळ जाऊन विचारलं, अक्का दाढ कशी आहे, तर म्हणाली "काढली. फुटली होती." मी म्हणलं, कॅप तयार होती की वो तुमची, आला का नाहीत, चारशे रुपयाचं काहीतरी केलं असतं. तेव्हा ती जे बोलली ते मी विसरू शकत नाही. म्हणाली, "पैसे कुठूनतरी आणले असते मॅडम. पण सगळ्यांपुढं तुम्ही बोलणार, डॉक्टर ओरडणार. आपली चूक झालेली. कसं यायचं?"

वांग्याच्या ढिगासमोर उभी राहून मला पहिल्यांदा कळलं की मी दंड लावून तिला यायला भाग पाडलं नव्हतं, तिचा परत यायचा रस्ता बंद केला होता. ज्यांना दोनशे रुपये म्हणजे काहीच नाही ते दंडानं सुधारले, आणि ज्यांना ते फार आहेत ते वहीतून नाहीसेच झाले. आणि वहीत नाव नाही म्हणजे ते चुकलेल्या अपॉइंटमेंटमधे मोजले पण गेले नाहीत. माझे आकडे सुधारले, मी डॉक्टरांना अभिमानानं दाखवले होते ते.

घरी येऊन मी दोन दिवस धड जेवले नाही. मग एक गोष्ट आठवली. त्याच वर्षी एका शनिवारी डॉक्टर दोन तास उशिरा आले होते, काही घरचं काम निघालं होतं, खरंच अडचणीचं. त्या दिवशी अक्कलकोटहून एसटीनं आलेले एक काका, वय सत्तरच्या पुढं, कवळीचं माप द्यायला, सकाळी दहापासून साडेबारापर्यंत बसून होते. मी त्यांना चहा मागवला, सॉरी म्हणलं, ते म्हणाले असू दे असू दे. आम्ही त्यांना दोनशे रुपये दिले का? त्यांच्या अडीच तासांचा बोर्ड कुठं होता? डॉक्टरांची अडचण ती अडचण आणि अक्काची कारखान्याची रांग म्हणजे बेशिस्त, हे मी कुठल्या हिशोबानं धरलं होतं? मी हे सगळं डॉक्टरांना बोलले. घाबरत बोलले, नोकरी आहे शेवटी. ते बराच वेळ गप्प होते. त्यांचं चांगलं हे की ऐकून घेतात.

मग त्यांनीच बाहेर काय करतात ते बघितलं आणि मला सांगितलं. अमेरिकेत चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तास आधी न कळवल्यास पैसे लावणं दाताच्या दवाखान्यात सर्रास चालतं, पण तिथं गरिबांसाठी मेडिकेड म्हणून जी सरकारी योजना आहे त्यातल्या पेशंटकडून न आल्याचे पैसे घेता येत नाहीत. इंग्लंडमधे एनएचएसचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य सेवेचा, दंतवैद्य पण चुकलेल्या अपॉइंटमेंटचा दंड घेऊ शकत नाही, मात्र वारंवार न येणाऱ्याचे उपचार तो थांबवू शकतो. म्हणजे श्रीमंत देशांना सुद्धा हा प्रश्न पडलेला आहे की दंड कुणाला लागतो. आणि २०१३ मधे कोक्रेन नावाच्या संस्थेनं बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता, त्यात निघालं की मोबाईलवर आठवणीचा मेसेज पाठवला तर काहीच न पाठवण्यापेक्षा लोक जास्त येतात, आणि फोन करून आठवण दिली तरी साधारण तेवढेच येतात. यात दंड नाही, बोर्ड नाही, नुसती आठवण. मला त्यात एवढंच जोडावंसं वाटलं की आमच्या निम्म्या पेशंटना मेसेज वाचता येत नाही, आणि आला तरी तो पोराच्या मोबाईलवर येतो. म्हणून मी फोन करते. आदल्या रात्री आठ ते साडेआठ, कारण तोपर्यंत घरातली सगळी परतलेली असतात, आणि ज्या भाषेत उचलतील त्या भाषेत बोलते.

बोर्ड काढला. कॅपचे, कवळीचे निम्मे पैसे मात्र माप घेतानाच घेतो, ते मला बरोबर वाटतं, लॅबवाला पण हातावर पोट असलेलाच माणूस आहे, त्याचं बिल कुणीतरी भरायचंच. पण न आल्याचा दंड नाही. वेळ देताना मी आता चार गोष्टी विचारते, काम काय करता, किती वाजता मोकळे होता, घरात दुसरं कोण असतं, आणि पाण्याचा दिवस कुठला. पाण्याचा दिवस विचारल्यावर लोक आधी बघतच राहतात, मग हसतात, मग सगळं सांगतात. वहीत नावापुढं बारीक 'पा. मंगळ' असं लिहून ठेवते. विडीवाल्या बायकांना दुपारी अडीच-तीनची वेळ देतो, डॉक्टर त्यांच्यासाठी आठवड्यातून दोन दिवस दुपारी थांबतात, आधी दोन वाजता शटर खाली यायचं. आणि रोज सकाळी अर्ध्या तासाची एक जागा मी मोकळीच ठेवते, कुणालाच देत नाही, ती सुजलेल्या गालासाठी.

अजून एक केलं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. पहिल्या सिटिंगनंतर पेशंट बाहेर आला की मी त्याला बसवते आणि सांगते, आज रात्री तुम्हाला छान झोप लागणार, उद्या काही दुखणार नाही, आणि तेव्हा तुम्हाला वाटणार आता कशाला जायचं. तेव्हा माझी आठवण काढा. दाढ बरी झालेली नाही, तिला दुखलेलं सांगता येत नाही आता. काम अर्धंच झालंय. हे ऐकून लोक थोडे थबकतात. एक आजोबा म्हणाले, "म्हणजे मुकी झाली म्हणा की." मी तेव्हापासून तेच सांगते, दाढ मुकी झालीय, आता तिच्या वतीनं मी फोन करणार.

असं नाही की आता सगळे येतात. काल सुद्धा दोघं आले नाहीत, एकाचा फोन बंद आणि दुसरा म्हणाला विसरलो. मी आधीसारखीच चिडले मनातून. काही जण असे आहेत की सगळं जमवून दिलं, चार वेळा फोन केले तरी येत नाहीत आणि नंतर दाढ गेली की दवाखान्यालाच नावं ठेवतात. डॉक्टर म्हणतात अशांना तीनदा चुकल्यावर आधी ठरवून वेळ द्यायची नाही, आल्यावर जागा असेल तेव्हा घ्यायचं. मला ते पटतं. पण त्यांना पण परत येऊ नका असं म्हणायचं नाही, एवढा हट्ट मी धरलाय.

अक्काला मी बाजारातून परत आल्यावर दोन-तीनदा निरोप धाडला होता. काढलेल्या दाढेच्या शेजारची दाढ पण किडायला लागली असणार हे मला माहीत होतं. बरेच महिने काही नाही. मग यंदा उन्हाळ्याआधी ती मुलीला घेऊन आली, मुलगी अकरावीला आहे, तीच बोलली सगळं. अक्का आत येताना आधी काउंटरच्या मागच्या भिंतीकडं बघत होती. तिथं आता नुसतं कॅलेंडर आहे. मी काही बोलले नाही, तिला बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं. शेजारच्या दाढेत किड होतीच, पण नसेपर्यंत गेलेली नव्हती, एका सिटिंगमधे सिमेंट भरून होणार होतं. मी मुलीचा नंबर लिहून घेतला, कारखान्याची वेळ विचारली, पाण्याचा दिवस विचारला, आणि शुक्रवार दुपारी पावणेतीन असं लिहिलं.

शुक्रवारी दुपारी सव्वा दोनला फोन वाजला. मुलीचा नंबर होता पण बोलत होती अक्का, स्वतः. मागं मोटार, बादल्या. "मॅडम, आज पाणी आलंय वो. काल यायचं होतं, नाही आलं, आज आलंय." आणि एक श्वास घेऊन, "तुम्ही रागावला काय?"

मी म्हणलं नाही वो अक्का, भरून घ्या तुम्ही पाणी, सोमवारी येता का, त्याच वेळेला? म्हणाली येते. मी पेन्सिलीनं लिहिलेलं नाव खोडलं, सोमवारच्या पानावर घातलं, आणि पावणेतीनच्या जागेसाठी सकाळी परत पाठवलेल्या एका पोराला फोन लावला, त्याची अक्कलदाढ ठणकत होती.